चि. ओंकारला, लिमिटच्या अर्जाबद्दल

फलटण,
२३ जून २०२५

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू म्हणालास, "आई, तीन वर्षांत एक दिवस उशीर केला नाही मी, तरी त्यांनी अर्ज नामंजूर केला." क्रेडिट कार्डाची ऐंशी हजारांची लिमिट दोन लाख करून मागितलीस आणि ॲपवर दोन ओळींत नकार आला. तुझ्या आवाजात राग होता, पण त्याहून जास्त अपमान झाल्याचं दुःख होतं. ते कळलं म्हणूनच तेव्हा मी फार बोलले नाही. रात्रभर डोक्यात तेच होतं, आता सकाळचं आवरून लिहायला बसले आहे.

पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं मी कर्ज विभागात काम केलं. नामंजूर झालेल्या अर्जांची फाईल माझ्याच टेबलावर असायची. त्यातली बहुतेक माणसं सरळ होती, हे मी तुला शपथेवर सांगेन. त्यांच्याबद्दल जे खरं होतं ते कागदावर आलेलं नसायचं, एवढंच. तुझंही तेच झालं आहे असं मला वाटतं.

तू पाठवलेलं मे महिन्याचं बिल मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि वहीत उतरवून काढलं. एकूण खर्च ७१,३४० रुपये. त्यातले ४४ हजारांच्या वर कंपनीच्या कामाचे: चेन्नईची विमानाची तिकिटं, तिथलं हॉटेल, टॅक्सी. म्हणजे तुझा स्वतःचा खर्च सत्तावीस हजार. मला तुझा काटकसरीपणा त्यात दिसतो. बँकेला काय दिसतं? ऐंशी हजारांपैकी एक्काहत्तर हजार, शंभरातले जवळजवळ नव्वद. आणि हे दर महिन्याला.

आमच्याकडे व्यापाऱ्यांची कॅश क्रेडिट खाती असायची, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचे आणि भरायचे. नूतनीकरणाची वेळ आली की उपसमितीत पहिल्यांदा उचल किती आहे ते बघायचे. एखाद्याला पाच लाख मंजूर आहेत आणि वर्षभर त्याचं खातं साडेचार-पावणेपाचला टेकलेलं आहे, तर व्याज वेळेवर येत असलं तरी कुणीतरी विचारायचंच, "याच्या हातात काही उरतं का?" दुसरा पाचपैकी दीड-दोन लाखच उचलणारा असला की त्याचा अर्ज पाच मिनिटांत पुढे सरकायचा. कार्डाच्या बाबतीतही हिशोब असाच लावतात. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापर असावा असं सगळे सांगतात. तो काही कायदा नाही, अंदाजाचा आकडा आहे, पण तीस आणि नव्वदमध्ये फार अंतर आहे, बाळा.

तू म्हणशील, मी पूर्ण बिल भरतो ना. भरतोस. पण बिल निघाल्यावर भरतोस. तुझं बिल १२ तारखेला निघतं, तोवर सगळा आकडा खात्यावर उभा असतो आणि सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडे बहुधा तोच जातो. तेव्हा इथून पुढे १२ तारखेची वाट बघू नकोस. प्रवासातून परत आलास की कामाच्या खर्चाचे पैसे १० तारखेच्या आत कार्डावर भरून टाक. जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती निदान पंधरा दिवसांनी कळवायची असा नियम आला, पूर्वी महिना लागायचा. त्यामुळे फरक दिसायला वेळ लागणार नाही. आणि कंपनीकडे प्रवासाची आगाऊ रक्कम माग. त्यांचा खर्च पंचवीस दिवस तू तुझ्या कार्डावर का उचलायचास? संकोच करू नकोस, ते मागणं रास्त आहे.

दुसरी गोष्ट मला रात्री दोन वाजता सुचली आणि मी उठून बसले. तुझं कार्ड पहिल्या नोकरीतलं, पगार बत्तीस हजार होता तेव्हाचं. फेब्रुवारीत नोकरी बदललीस, पगार अठ्ठ्याहत्तर झाला, पण नव्या कंपनीने पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत उघडून दिलं. म्हणजे जुन्या बँकेच्या दृष्टीने काय झालं? फेब्रुवारीपर्यंत पगार येत होता, मग थांबला. आणि जूनमध्ये हाच मुलगा अडीच पट लिमिट मागतो आहे. ओंकार, त्या टेबलावर मी असते तर मीही थांबले असते. तू त्यांना नवा पगार सांगितलाच नाहीस. ॲपमध्ये नुसतं बटण दाबलंस.

तिसरं थोडं रागावून लिहिते. नकार आल्यावर त्याच रात्री दोन नव्या कार्डांसाठी अर्ज भरलेस, हे तू बोलता बोलता सांगितलंस. असं करू नये. प्रत्येक अर्जाबरोबर ती ती बँक सिबिलसारख्या कंपनीकडून तुझा अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद राहते. एका आठवड्यात तीन चौकश्या दिसल्या की वाचणाऱ्याला वाटतं, याला पैशाची निकड आहे. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने मात्र काही बिघडत नाही. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आधी तो काढ. नाव, पॅन, पत्ता बरोबर आहे का, दुसऱ्या कुणाचं कर्ज तुझ्या नावावर चढलेलं नाही ना, ते बघ. आणि रागाच्या भरात हे कार्ड बंद करू नकोस. तुझ्या नावावरची सगळ्यात जुनी नोंद तीच आहे.

आता तुला लिमिट का हवी आहे, त्याचं खरं कारण. तू म्हणालास, "घरात काही झालं तर हाताशी असावं." त्यावर मला काही बोलताच आलं नाही. एप्रिल २०२१ ची ती रात्र तुझ्या मनातून गेलेली नाही, हे मला तेव्हा समजलं. बाबांना दाखल करताना काउंटरवर पन्नास हजार अनामत मागितली. रविवार होता, आपली ठेव संस्थेत, संस्था बंद. एटीएममधून वीस निघाले. शेजारच्या काकूंनी स्टीलच्या डब्यातून पाचशेच्या नोटा आणल्या, रबर लावलेल्या. त्या मी बाकावर बसून मोजत होते आणि हात थरथरत असल्याने दोनदा चुकले. तू बाबांची फाईल छातीशी धरून शेजारी उभा होतास. तिसऱ्यांदा तू मोजल्यास.

त्या रात्री तुझ्याकडे कार्ड असतं तर फार उपयोग झाला असता, हे मी मान्य करते. म्हणून लिमिट वाढवून घ्यायला माझा विरोध नाही. फक्त एक गोष्ट मनात पक्की कर. त्या रात्री कार्डाने पैसे भरले असते, तरी सोमवारी संस्था उघडल्यावर ठेव मोडून बिल भरता आलं असतं, कारण ठेव होती. लिमिट ही त्या ठेवीची जागा घेऊ शकत नाही. दोन लाखांची लिमिट म्हणजे दोन लाखांचं मंजूर कर्ज, आणि तेही सगळ्यात महागडं.

हिशोब करून दाखवते. तुझ्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के आहे, बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे, बघ. समज एक लाख थकले आणि तू महिन्याला पाच हजार भरू लागलास. पहिल्या महिन्याचं व्याज ३,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. एकूण ४,१३०. तुझ्या पाच हजारांतून मुद्दल कमी झालं ८७० रुपये. शिवाय जुनी बाकी आहे तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, भाजी घेतली तरी त्या दिवसापासून व्याज. आमच्याकडे सोनेतारण कर्ज महिन्याला टक्का-सव्वा टक्क्यात मिळायचं आणि ठेवतारण त्याहून स्वस्त. किमान रक्कम भरून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. कार्डाची थकबाकी फेडायला ती आमच्याकडे बांगड्या घेऊन यायची. त्यांच्या बायका शेजारी गप्प बसलेल्या असायच्या.

तेव्हा पुढच्या महिन्यापासून सहा हजारांची आवर्त ठेव सुरू कर. पगार झाला की दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी. मीही इथे थोडी भर घालीन.

आता लिमिट कशी मागायची ते. लगेच नको. नव्या नोकरीत तुझा प्रोबेशनचा काळ ऑगस्टमध्ये संपतो, कायम झाल्याचं पत्र मिळू दे. तोवर तीन महिने बिल निघण्याआधी पैसे भरत जा, म्हणजे वापर खाली आलेला दिसेल. मग ऑक्टोबरमध्ये शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नव्या पगाराच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा आणि कायम झाल्याचं पत्र घे, आणि आधी बँकेकडची उत्पन्नाची नोंद बदलून घे. ती बदलली याचा मेसेज आला की मगच अर्ज. अर्जात चार ओळी लिही: मी अमुक सालापासून ग्राहक आहे, उत्पन्न इतक्यावरून इतकं झालं आहे, कामाच्या प्रवासामुळे महिन्याचा वापर सत्तर हजारांच्या घरात जातो, म्हणून लिमिट दोन लाख करावी. दोन लाख हा आकडा योग्य आहे, सत्तर हजार म्हणजे त्याच्या साधारण एक तृतीयांश. पुन्हा नाही म्हणाले तर कारण ईमेलवर माग. दीड लाख देऊ म्हणाले तर घे. खात्यावर विश्वास बसायला वेळ लागतो, आम्हीही एका वेळी सगळं देत नव्हतो.

लिमिट मिळाली की त्याच दिवशी ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन खरेदीची आणि परदेशातल्या व्यवहारांची मर्यादा स्वतः कमी करून ठेव. कार्डाने एटीएममधून रोख कधीही काढायची नाही. त्याला शुल्क लागतंच आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती मी तुझ्यापासून लपवली होती. मार्चमध्ये मला फोन आला, "मॅडम, तुमच्या कार्डाची लिमिट वाढली आहे, फक्त खात्री करायची आहे." त्याला माझं नाव माहीत होतं, कार्डाचे शेवटचे चार आकडे माहीत होते. तुझ्या बाबांना त्या दिवशी ताप होता, माझं लक्ष तिकडे, आणि मी ओटीपी सांगितला. १८,६०० रुपये गेले. मी लगेच कार्ड बंद केलं, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण ओटीपी मीच दिला असल्याने ते पैसे परत आले नाहीत. तुला सांगायची लाज वाटली. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे सांभाळले आणि स्वतःचे असे घालवले, याने मी आतून खचले होते. आता सांगते, कारण तू लिमिटसाठी पुन्हा अर्ज करणार आहेस आणि तेव्हा तुझ्या मनात अशा फोनची वाट असेल. वाट बघणारा माणूस पटकन फसतो. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवायची नाही असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलं आहे, आणि ती संमती तू बँकेच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन दे. फोनवर ओटीपी सांगून नाही, व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडूनही नाही. असा फोन आला की काही न बोलता ठेवून दे.

बाबांना हे १८,६०० चं अजून माहीत नाही. मी त्यांना या आठवड्यात सांगणार आहे, तू आधी बोलू नकोस.

त्या दोन नव्या कार्डांच्या अर्जांचं काय झालं ते कळव. मंजूर झाले तरी घेऊ नकोस, नको म्हणून कळवून टाक. अहवाल निघाला की त्याची प्रिंट काढून ठेव आणि रविवारी फोन कर, आपण एकेक ओळ मिळून वाचू.

तुझी,
आई