तानपुरा ही मांडून ठेवायची वस्तू नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत दिवाळीतल्या टीव्ही कार्यक्रमांवरचा लेख वाचला आणि संताप आला. लेखकाने सगळ्याच वाहिन्यांचं तोंड भरून कौतुक केलं आहे. त्यातही नरकचतुर्दशीच्या सकाळी दाखवलेल्या गाण्याच्या कार्यक्रमातल्या नेपथ्याचं आणि मंचाच्या दोन्ही बाजूंना माळा घालून उभ्या केलेल्या तानपुऱ्यांचं विशेष. ते तानपुरे आमच्या घरचे. लेखकाला ते कसे दिसले हे कळलं. ते कसे वाजले, याबद्दल लेखात एक अक्षर नाही, कारण ते वाजलेच नाहीत.

आमचं घर मिरजेतलं, तंतुवाद्यं करणाऱ्यांचं. वडील आता कामाला बसत नाहीत, पण ही एक जोडी त्यांनी विकली नाही. दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत चिंचेखाली गाणं होतं, तेव्हा बाहेरगावच्या गायकांना ती देतात. दिवाळीच्या बऱ्याच आधी कार्यक्रम करणाऱ्या संस्थेचा एक मुलगा घरी आला. मोठे, भारदस्त दिसणारे तानपुरे हवेत म्हणाला. वडिलांनी विचारलं, गाणार कोण आणि पट्टी कुठली, म्हणजे तानपुरे कुठल्या सुरात लावायचे? तो म्हणाला, "कुठलीही चालेल." खरं तर तिथेच नको म्हणायला हवं होतं. पण मैफल दिवाळीची, वाद्यं मिरजेची, घराघरांत ऐकली जातील, या आनंदात वडिलांनी संध्याकाळभर बसून गायिका कोण हे फोनवरून शोधून काढलं. तिच्या पट्टीची, काळी चारची तयारी केली, तारा बदलल्या. जवारी, म्हणजे तारेच्या आवाजाला गुंजन देणारी घोडीवरची बसणी, स्वतः पाहिली. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत, कान लावून, एकेका तारेची आस, तो मागे रेंगाळणारा नाद, हवी तशी येईपर्यंत. हात थरथरतो त्यांचा, तरी दोरा दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही.

त्या सकाळी अभ्यंगस्नानं उरकून आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. वडिलांना दिसतं कमी. पहिलं गाणं सुरू झालं आणि ते म्हणाले, "हे आपले नव्हेत." माझा मुलगा म्हणाला, "आजोबा, दिसताहेत की, दोन्ही आहेत." ते परत म्हणाले, "दिसत असतील. पेटी वाजतेय." आणि खरंच, जोडीमागे कुणी बसलंच नव्हतं. एक तानपुरा थर्मोकोलच्या खांबाला टेकवलेला, दुसरा विंगेकडे. दांडीभोवती, थेट तारांवरून, ओल्या झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या. गाण्यामागे इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू, वडील म्हणाले ती पेटी हीच.

त्या यंत्राशी आमचं वैर नाही. रियाजाला, प्रवासात त्याचा उपयोग होतो, आमच्याकडेही आहे. पण मग तेच मंचावर ठेवा! खऱ्या तानपुऱ्याला माळ घालून गप्प करायचं आणि पेटीचा आवाज त्याच्या नावावर खपवायचा, ही प्रेक्षकांची फसवणूक आहे. तबलजीचंही तेच झालं. पडद्यावर बोटं चालत होती एका लयीत आणि ठेका ऐकू येत होता ट्रॅकवरचा. वादकांना बोलावून आणायचं, कुडते चढवायचे आणि नुसते हात हलवायला सांगायचं, यात त्या माणसाचा किती अपमान आहे हे कुणालाच कसं वाटत नाही? उमेदीची वर्षं ज्याने त्या चामड्यावर घातली त्याच्याबद्दल बोलते आहे मी.

भैरवी मध्येच दाखवली. भैरवी झाली की मैफल संपते हे ज्या घरात रोज गाणं ऐकतात तिथलं शेंबडं पोरही सांगेल. इथे भैरवीनंतर जाहिराती आणि जाहिरातींनंतर तीन गाणी. एकाही गाण्याआधी कवीचं नाव नाही, संगीतकाराचं नाही. आमच्या लहानपणी आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर निवेदक प्रत्येक गाण्याला गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा हे सांगायचे. शास्त्रीय गायन असलं की साथीला कोण होतं तेही सांगायचे. गाण्यातलं मला जे थोडंफार कळतं ते त्या नावांमुळे. कुठली चाल कुणाची हे तिथे कानावर पडून पडून कळलं. शेवटी श्रेयनामावली तरी वाचू म्हणून आम्ही थांबलो, तर ती पडद्याच्या एका कोपऱ्यात बोटभर करून पळवली आणि उरलेल्या पडद्यावर संध्याकाळच्या मालिकेची झलक. वाद्यं कुणाची हे तर सोडाच, वाजवणाऱ्यांची नावंसुद्धा कुणाला वाचता आली नसतील. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या होत्या. त्याच तानपुऱ्यासाठी श्रेयनामावलीत एक ओळ ठेवायला काय हरकत होती?

आणि खाली सतत सरकणाऱ्या त्या पट्ट्या! दागिने, फराळ, नव्या मालिका. गायिकेचा हात आणि हार्मोनियम अर्धा झाकलेला. केबल टेलिव्हिजन नेटवर्कच्या १९९४ च्या नियमांत लिहिलेलं आहे की जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे आणि पडद्याच्या खालच्या भागात पट्ट्या चालवून कार्यक्रमात व्यत्यय आणायचा नाही. तासाला बारा मिनिटांची मर्यादाही त्याच नियमांत आहे. सणाच्या दिवशी नियमांना सुट्टी असते का? आपल्या लेखकाने घड्याळ लावून हे मोजलं असतं तर लेखाचा काही उपयोग झाला असता.

लिहायला बसलेच आहे तर मैदानावरच्या दिवाळी पहाटेबद्दलही लिहिते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही हा २०००चा नियम आहे आणि तो योग्यच आहे, आजारी माणसं आणि लहान मुलं घरोघर असतात. म्हणजे कार्यक्रम सहाला सुरू होणार आणि त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य साधारण साडेसहाला उगवतो. पहाटेच्या रागाला मिळतो तो एवढाच वेळ. तेवढ्यात शाल, श्रीफळ, प्रायोजकांचे सत्कार आणि पहिल्या दोन रांगांतल्या पाहुण्यांची नावं. यंदा गायक तानपुरे जुळवून गप्प बसून होते आणि भाषणं चालू होती. ललत हा पहाटेचा राग ऐकायला लवकर उठून, मुलांना उठवून आलेले आम्ही मागे उभे. गायकाने पहिला सूर लावला तेव्हा डोक्यावर ऊन आलं होतं. सत्कार गाणं संपल्यावर करा की. थांबणारे थांबतील.

या सगळ्यावर तो लेख गप्प आहे म्हणून राग आला. दिवाळीतलं गाणं आम्हाला मनापासून हवं असतं. घरात माणसं जमलेली असतात, एरवी मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी मुलंही त्या दिवशी दोन गाणी ऐकतात. त्या दोन गाण्यांत त्यांच्या कानावर खऱ्या तारेचा आवाज पडला नाही तर तो कधी पडणार? त्या दिवशी माझ्या मुलाला वाटलं, जे दिसतंय तेच वाजतंय. त्याचं काय चुकलं?

चित्रीकरण आटोपून तानपुरे कार्यक्रम टीव्हीवर लागण्याच्या आधीच टेम्पोतून परत आले होते. एकाच्या भोपळ्याला तडा गेला आहे आणि दुसऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, झेंडूच्या पाण्याचे डाग आहेत. सरस लावून, कापड डकवून तडा बुजवता येतो, पण त्या मापाचा, तितका मुरलेला भोपळा मिळाल्याशिवाय आवाज पहिल्यासारखा होणार नाही, असं वडील म्हणतात. संस्थेला फोन केला तर भाडं दिलं आहे असं उत्तर मिळालं. आपल्या लेखकाने त्या संस्थेला एक प्रश्न विचारून उत्तर पुरवणीत छापावं: त्या दिवशी मंचावरचं कुठलं वाद्य खरोखर वाजत होतं? पुढच्या वर्षी आमच्या दारात कुणीही आलं तरी आम्ही आधी पट्टी विचारू आणि वाजवायला कोण बसणार त्याचं नाव लिहून घेऊ. दोन्ही मिळाल्याशिवाय जोडी घराबाहेर जाणार नाही.

आपली,
एक वाचक, मिरज