लिस्बनच्या काकांना

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही ‘असू दे, असू दे’ म्हणत विषय बदलता, म्हणून हे उघडं पत्र. मडगावच्या शाळेतलं मराठी अजून वाचता येतं असं तुम्हीच सांगितलंय, तेव्हा आता सुटका नाही.

लिस्बनमध्ये वळूंचा खेळ बघायला कांपु पेकेनूला न्या, हा हट्ट माझा. १८९२ सालचं ते लाल विटांचं रिंगण, वर कांद्यासारखे घुमट आणि खाली चक्क मॉल. पुढच्या रांगेचं तिकीट तुम्ही मला काढू दिलं नाहीत. “वरून घोड्याचं काम दिसतं, खालून नुसतं रक्त,” म्हणालात. दगडी पायरीवर टाकायला उशीही तुम्हीच भाड्याने घेतलीत.

घोड्याचं काम खरंच दिसलं. स्वार अठराव्या शतकातल्या सरदारासारखा, जरीचा कोट, तिकोनी टोपी. पण नजर त्याच्या लुसितानु या पोर्तुगीज जातीच्या घोड्यावरून हटेना. वळूच्या शिंगांवर चामड्याची टोपणं असली तरी पाचशे किलोंचा धक्का तो धक्काच. शिंग पोटाला लागतंय असं वाटावं आणि घोड्याने अंग चोरून तिरपं निघावं. स्वाराचा घोडा मध्येच का बदलतात, बँड कधी वाजतो, सगळं तुम्ही कानाशी सांगत होतात. आणि प्रत्येक वेळी वळूच्या खांद्यात आणखी एक रंगीत कागद गुंडाळलेला काटेरी भाला लटकलेला असायचा. काळ्या अंगावर रक्त लाल दिसत नाही, ओलं दिसतं.

मग स्वार गेला आणि ते आठ जण आले. फोर्कादु. हातात काही नाही, आणि याचे पैसेही मिळत नाहीत म्हणे. हिरव्या टोपीवाला पोरगा कमरेवर हात ठेवून पुढे आला, वळूला हाका मारू लागला. वळू सुटला तसा याने सरळ दोन शिंगांच्या मधे झोकून दिलं आणि मानेला मिठी मारली. मागचे सगळे त्याच्यावर कोसळले, शेवटच्याने शेपूट धरलं. वळू थांबला! मी उभा राहून ओरडत होतो, हे तुम्ही पाहिलंत. त्यावर कधी बोलला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. घंटा बांधलेले बैल आत सोडून त्यांच्यासोबत वळूला बाहेर नेलं, तेव्हा मी सुटल्यासारखा म्हणालो, “बरं झालं, इथे मारत नाहीत.” हॉटेलातल्या माणसानेही तसंच सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत. “आपल्यासमोर मारत नाहीत.” १९२८ च्या कायद्याने रिंगणात मारणं बंद झालं, फक्त बारांकुश गावाला २००२ पासून सूट आहे, बाकी बहुतेक वळू नंतर कत्तलखान्यात जातात, एखादाच फार शूर निघाला तर पैदाशीसाठी परत जातो. पाहुण्याला खूश ठेवायला गप्प बसणं सोपं होतं. तुम्हाला हा खेळ लहानपणापासून नसला तरी चाळीसेक वर्षं आवडतो, तरी तुम्ही गप्प बसला नाहीत.

मी तरी कोण, पुण्याकडच्या आंबेगावचा. आमच्याकडे बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली तेव्हा घरात सुतक असल्यासारखं होतं, आणि २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली तेव्हा गुलाल उधळला. तुम्ही गोव्याच्या धिरयोंचं, म्हणजे बैलांच्या झुंजींचं विचारलंत, मी आमच्या घाटाचं, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीचं सांगितलं. बैलाला टोचायचं नाही असं नियमात आहे, हेही सांगितलं. त्यावर तुम्ही नुसतं “आणि पाळतात?” एवढंच विचारलंत. मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

चौथ्या वळूनंतर मला बसवेना. सहा वळूंचं तिकीट, आणि तुमचा आवडता स्वार नेमका शेवटी होता. तरी “चल, भूक लागली” म्हणत तुम्हीच आधी उठलात. भूक दोघांनाही नव्हती.

चैत्रात गोव्याला येणार आहात ना? दोन दिवस वर काढून आमच्याकडे या. यात्रेत घाटाच्या कडेला जागा धरून ठेवतो, बारी, म्हणजे एकेका गाड्याची धाव, कशी बघायची ते सांगतो. मधेच उठावंसं वाटलं तर खुशाल उठा, आई जेवायला थांबलेली असेलच.

आपला,
पुतण्या