ई-10 चं नोझल आम्हाला परत द्या

प्रति,
माननीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार

सप्रेम नमस्कार,

पावसाळाभर झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या दिवाळीच्या तोंडावर बाहेर निघतात आणि गॅरेजला येतात. तक्रार एकच. सकाळी सेल्फ चार-चार वेळा मारावा लागतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी आधी दबते नि मग पळते, टाकी फुल केली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो. यंदाही तेच झालं, आणि कारण आहे पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल, म्हणजे ऊस-धान्यापासून बनणारं अल्कोहोल. म्हणून हे पत्र. ई-10 म्हणजे दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ई-20 म्हणजे वीस टक्के.

इथेनॉल मिश्रणाचा आराखडा 5 जून 2021 रोजी पंतप्रधानांनी प्रसिद्ध केला. त्याच दिवशी पुण्यात तीन ठिकाणी ई-100 चे, म्हणजे निव्वळ इथेनॉलचे, प्रायोगिक पंपही सुरू झाले. जुन्या गाड्यांच्या बचावासाठी ई-10 पंपावर मिळत राहावं, ही शिफारस त्याच आराखड्यात आहे. कुठे आहे ते ई-10? साधं पेट्रोल मागितलं की ई-20 च मिळतं, दुसरं काही मागायची सोयच नाही.

मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-10 ला जुळवून घेतलेल्या चारचाकीचं मायलेज ई-20 वर 6 ते 7 टक्के घटेल, हेही त्या आराखड्यातच लिहिलंय. लिटरला 18 किलोमीटर देणारी गाडी वर्षाला 12,000 किलोमीटर चालली, तर 6 टक्क्यांनीसुद्धा 42 लिटर पेट्रोल जास्त लागतं. शंभर रुपये भाव धरला तरी सव्वाचार हजार झाले. हे पैसे कोणी भरायचे, याबद्दल आपलं मंत्रालय बोलत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये मंत्रालयाने सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, पण ते स्वस्त आहेत आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतात. मंत्रिमहोदय, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलतात. हे रबर जिथे असतं त्या टाकीतल्या इंधनपंपाला कोणी हात लावत नाही. त्यासाठी आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, मागची सीट उचलायची, झाकण काढायचं, लॉक रिंग फिरवायची आणि पंप बाहेर घ्यायचा. त्याखालची ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, इथेनॉलने फुगलेली असली तर ती पुन्हा खाचेत बसतच नाही. दाबून बसवली तर एका जागी चिमटते आणि तिथूनच वास सुटतो. नवी घ्यायची तर ती इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरो रबराची, म्हणजे वायटॉनची हवी. काउंटरवर मिळणारी नायट्राइलची, म्हणजे साध्या रबराची रिंगही तशीच काळी दिसते, नजरेने फरक कळत नाही. सीटखाली झाकण नसलेल्या गाडीची तर अख्खी टाकी रिकामी करून उतरवावी लागते. रिंग स्वस्त असेल हो, मजुरीचं काय? आणि कार्बोरेटरच्या गाड्यांचं मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, ते वेगळंच, तिथे इंधन सोडणारं मेन जेट बदलल्याशिवाय गाडी सुधारत नाही.

त्यात इथेनॉल पाणी ओढतं. कोकणातल्या दमट हवेत अर्ध्या टाकीने दोन-तीन महिने उभी राहिलेली गाडी धोक्यातच असते. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर पावसाचं पाणीही आत जातं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्यासकट तळाशी बसतं, आणि पंप ओढतो तो तळातूनच. मग वरून कितीही पेट्रोल ओता, टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. गाडी उभी ठेवायचीच असेल तर आधी टाकी फुल करावी आणि झाकणाचं रबर बदलावं, हे निदान पंपावर पाटी लावून लोकांना सांगता आलं असतं.

टक्केवारीसुद्धा लोकांनी स्वतःच तपासायची का? 100 मिलिलिटरच्या मोजपात्रात 20 मिलिलिटर पाणी घ्या, वर 80 मिलिलिटर पेट्रोल घाला, हलवून दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल खाली पाण्यात उतरतं. पाण्याचा थर 28 च्या आसपास गेला तर दहा टक्के, 35 च्या आसपास गेला तर वीस. हे काम नोझलवरच्या एका स्टिकरने होतं.

ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही, त्याच्या पदरात चार पैसे पडावेत. भांडण आहे ते सरकारच्या रीतीशी. गाडी घेताना रोड टॅक्स एकरकमी घेतलात. पंधरा वर्षं झाली की नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क, जे एप्रिल 2022 मध्ये 600 वरून थेट 5,000 केलंत. विमा आम्ही भरतो, पीयूसी काढतो, मागाल तो कागद दाखवतो. एवढं करून त्या गाडीला चालेल असं इंधन मात्र तुम्ही काढून घेतलंत, आणि विचारलं कोणालाच नाही.

प्रत्येक पंपावर एका नोझलला ई-10 द्या आणि सगळ्या नोझलवर टक्केवारी लिहा. कोणत्या मॉडेलला कोणती होज, कोणती ओ-रिंग, कोणतं गॅस्केट बदलायचं, याची पार्ट नंबरसकट यादी कंपन्यांकडून घेऊन जाहीर करा. आणि ही यादी मराठीतही द्या, कारण ती वाचायची आहे तालुक्याच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला.

आपला,
जुन्या गाड्यांचं काम करणारा एक नागरिक