चेंडू घेऊन न धावणारे पाच जण

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
१४ जानेवारी २०२४, भोगी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, की आमच्या मिशिगन विद्यापीठाचा संघ अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोहोचला एवढे कळले, पण त्या खेळात नेमके पाहायचे काय असते? त्या वेळी मला नीट सांगता आले नाही. सोमवारी ह्यूस्टनला आमच्या संघाने वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४–१३ असे हरवले, पंधरापैकी पंधरा सामने जिंकून विजेतेपद मिळवले आणि काल संध्याकाळी कडाक्याच्या थंडीत गावातून मिरवणूकही निघाली. आता सारे शांत झाले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नियम थोडक्यात असा, की अकरा जणांच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकायचे असते. तेवढे जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात आणि पलीकडच्या पट्ट्यात चेंडू पोहोचला की सहा गुण, ज्याला टचडाऊन म्हणतात. लोकांचे डोळे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर आणि तो घेऊन धावणाऱ्यावर असतात. मात्र त्यांच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडू खांद्याला खांदा लावून वाकलेले असतात, त्यांतला मधला जण खेळी सुरू करताना चेंडू मागे देतो, तेवढे सोडले तर त्यांच्या वाट्याला चेंडू जवळजवळ कधीच येत नाही. समोरच्यांना रेटून धावणाऱ्याला वाट करून देणे आणि क्वार्टरबॅकला वाचवणे एवढेच त्यांचे काम. पहिल्या वर्षी मला ते दिसतच नसत. मग एकदा तुमचे कबड्डीच्या मैदानावरचे बोलणे आठवले, की चढाई करणाऱ्याचे नाव होते, पण सामना साखळी जिंकते. तेव्हापासून मी त्या पाच जणांकडेच पाहते.

या मोसमावर एक सावटही होते. प्रतिस्पर्ध्यांच्या खेळी सांगणाऱ्या खुणा टिपण्यासाठी त्यांच्या सामन्यांना आधीच माणसे पाठवल्याचा आरोप आमच्या संघावर झाला. हे नियमाने निषिद्ध आहे आणि त्यावरून ‘बिग टेन’ या आमच्या गटाने मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना साखळी फेरीतील शेवटच्या तीन सामन्यांसाठी मैदानाबाहेर बसवले. नियम मोडला असेल तर तो मोडलाच, आपला संघ म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही. पण मैदानातल्या मुलांसाठी मात्र जीव तुटत होता.

त्या तीन सामन्यांत जबाबदारी शेरॉन मूर यांच्यावर आली, आणि हेच मूर त्या पाच जणांच्या फळीचे प्रशिक्षक. ११ नोव्हेंबरला पेन स्टेटच्या मैदानावर त्यांनी जे केले ते तुम्हाला फार आवडले असते. अधिकृत नोंदीनुसार आमच्या संघाने शेवटच्या सलग ३२ खेळ्या चेंडू न फेकता, केवळ धावून खेळल्या. काय येणार हे समोरच्यांना ठाऊक होते, तरी त्यांना ते थोपवता आले नाही. २४–१५ असा सामना जिंकल्यावर मूर कॅमेऱ्यासमोर अक्षरशः रडले. पुढच्या शनिवारी मेरीलँडला हरवून मिशिगनने एक हजारावा विजय मिळवला. कॉलेज फुटबॉलमध्ये तिथवर पोहोचलेला हा पहिला संघ.

मग २५ नोव्हेंबरचा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना. दोन्ही संघ तोवर अपराजित होते, आणि या दोन विद्यापीठांचे वैर इथे घराघरात वडिलांकडून मुलांकडे येते. आमच्या स्टेडियममध्ये लाखावर माणसे बसतात, आणि मी विद्यार्थ्यांच्या भागात उभी होते. तिसऱ्या सत्रात १७–१७ अशी बरोबरी असताना त्या फळीतला उजवा गार्ड, ६५ क्रमांकाचा झॅक झिंटर खाली पडला आणि उठला नाही. त्याचा पाय मोडला होता. एवढ्या मोठ्या गर्दीत शेजारच्याचा श्वास ऐकू यावा अशी शांतता पसरली; सहकारी त्याच्याभोवती जमले आणि त्याला गाडीवरून बाहेर नेण्यात आले.

बाबा, तुमच्या संघातला उजवा कोपरा गुडघा धरून बसला, की तुम्ही दुसऱ्याला त्या जागी सरकवता आणि त्याची जागा तिसऱ्याला देता. इथेही तसेच झाले. त्याच्या शेजारचा कार्सन बार्नहार्ट आत सरकला आणि त्याच्या जागी ट्रेंट जोन्स आला. अशी नव्याने जुळवलेली फळी उभी राहिली आणि पुढच्याच खेळीत ब्लेक कोरम तिच्यामधून २२ यार्ड धावत जाऊन टचडाऊन करून आला. २२ यार्ड म्हणजे क्रिकेटची अख्खी खेळपट्टी! तिथे पोहोचल्यावर त्याने बोटांनी सहा आणि पाच असे दाखवले. माझ्या शेजारची अनोळखी मुलगी मला मिठी मारून रडत होती, आणि मीही. तो सामना आम्ही ३०–२४ असा जिंकला.

पुढचे थोडक्यात सांगते. आयोवाला २६–० असे हरवून गटाचे विजेतेपद मिळाले. १ जानेवारीला पासाडेना येथे अलाबामाविरुद्ध बरोबरीनंतरच्या जादा डावात कोरमनेच आघाडी मिळवून दिली आणि अलाबामाच्या शेवटच्या प्रयत्नात त्यांच्या क्वार्टरबॅकला रेषेच्या अलीकडेच पकडले. ती पकड पाहताना तुमची फार आठवण झाली. अंतिम सामन्याची गंमत अशी, की देशातील सर्वोत्तम फळीचा यंदाचा पुरस्कार वॉशिंग्टनला मिळाला होता, आणि आधीची सलग दोन वर्षे तो आमच्याकडे होता. त्या रात्री आमचा संघ नुसता धावून ३०३ यार्ड पुढे गेला. यापूर्वीचे विजेतेपद १९९७चे, तेही नेब्रास्काबरोबर विभागून.

ओहायो स्टेटविरुद्धच्या त्या खेळीचे चित्रीकरण दादाच्या फोनवर पाठवते आहे. उद्या संक्रांतीला मुले तिळगूळ घ्यायला येतील तेव्हा त्यांनाही दाखवा. पहिल्यांदा पाहताना कोरमकडे पाहिलेत तरी चालेल, पण दुसऱ्यांदा मात्र त्या पाच जणांचे पाय पाहा, आणि बार्नहार्टने नव्या जागी पवित्रा कसा घेतला ते मला कळवा. आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी