चिंताविकारावरच्या जेनेरिक गोळ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चिंताविकारावरची नेहमीची गोळी बदलून जेनेरिक मिळाली की ‘हिच्यात औषध वीस टक्के कमी असते’ अशी शंका हमखास निघते. ८० ते १२५ टक्के हा नियमातला आकडा त्यामागे आहे, पण तो गोळीतल्या औषधाच्या वजनाचा नव्हे. मूळ आणि जेनेरिक औषध स्वयंसेवकांना देऊन त्यांच्या रक्तातली पातळी मोजतात. दोन्हींचे गुणोत्तर, आकडेमोडीतल्या अनिश्चिततेची दोन्ही टोके धरून, या पट्ट्यात बसावे लागते. सरासरीत मोठी तफावत असलेली गोळी यातून सहसा पार होत नाही. शंकेपायी मनानेच अर्धी गोळी वाढवणे मात्र महागात पडते.

खरा घोळ नावांचा आहे. अल्प्राझोलाम हे बेंझोडायझेपिन या शांत करणाऱ्या औषधांच्या कुळातले एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. जुनी पट्टी संपलेली नसते, नवी हातात पडते, ‘ही दुसरी असेल’ म्हणून दोन्ही घेतल्या जातात आणि मात्रा दुप्पट होते. त्यातून काही गोळ्या जोडऔषधाच्या असतात: नैराश्यावरच्या अमिट्रिप्टिलिनसोबत क्लोरडायझेपॉक्साइड असले, तर शांत करणारे एक औषध आधीच पोटात जात असते. म्हणून पट्टीवरच्या ठळक नावाखालची बारीक ओळ वाचावी. कापताना ती ओळ आणि मुदतीची तारीख शेवटच्या गोळीपर्यंत शाबूत राहील अशी कापावी.

त्या ओळीत तीन गोष्टी जुळायला हव्यात: औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि गोळीचा प्रकार. ०.२५ आणि ०.५ यांत दुपटीचा फरक आहे. घाईच्या अक्षरात ०.५ मधला टिंब पुसट झाला तर दहापट. औषधच वेगळे असेल तर ‘गोळीला गोळी’ हा हिशेब चालत नाही. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम, लोराझेपाम १ आणि डायझेपाम १० मिलिग्रॅम हे ढोबळमानाने सारखे मानतात. ही अदलाबदल डॉक्टरांनीच करायची. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल तर औषध हळूहळू सुटण्यासाठी गोळीची रचना केलेली असते. अल्प्राझोलामची अशी गोळी चावली किंवा कुटली की दिवसभराची मात्रा एकदम सुटते.

मद्य किंवा अफूवर्गातली वेदनाशामके यांच्यासोबत बेंझोडायझेपिन कुळातल्या या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावतो. कोडीनयुक्त खोकल्याचे औषधही त्यातच मोडते, हे फार थोड्यांना माहीत असते. बुरशीवरची केटोकोनाझोल आणि इट्राकोनाझोल ही औषधे यकृतात अल्प्राझोलामचे विघटन रोखतात. तीच गोळी, तीच मात्रा, पण गुंगी कितीतरी जास्त. अशा वेळी दोष जेनेरिकवर ढकलला जातो. चिठ्ठीशिवाय ऑनलाइन मिळणाऱ्या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये; तशा बनावट गोळ्यांत फेंटानिल हे अफूवर्गातले अतितीव्र औषध सापडले आहे.

सगळ्यात धोक्याचे म्हणजे ‘बरे वाटतेय’ म्हणून अचानक बंद करणे. काही आठवड्यांच्या रोजच्या वापरानंतरही शरीराला सवय लागलेली असू शकते. एकदम थांबवल्यास झोप उडते, थरथर सुटते, झटकेही येतात. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे त्याचा हिसका लवकर बसतो. कमी करायचे तर दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एवढे बारीक तुकडे सुरीने होत नाहीत; त्यासाठी कमी ताकदीची गोळी किंवा द्रवरूप औषध लिहून मागावे. उतरणीच्या काळात शक्यतो एकाच कंपनीची गोळी ठेवावी, म्हणजे त्रास झाला तर कारण शोधणे सोपे जाते.

चिंतेवरचेच बुस्पिरोन आणि चिंता-नैराश्यावर दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधे या बेंझोडायझेपिन कुळातली नाहीत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा ती ‘घाबरल्यावर एक’ अशी घेऊन उपयोग नाही. एसएसआरआयही एकदम सोडू नयेत.

– एक औषधनिर्माता वाचक