समूहगानात मराठीही हवी

महोदय,

नाताळच्या समूहगायनावरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मैफलीत शोभतात ते बाख आणि हँडेल हे पाश्चात्त्य संगीतकार, मराठी भजने उपासनेपुरती ठीक, हा त्यातला सूर पटला नाही. हँडेलची ख्रिस्तावरची समूहगानकृती ‘मसाया’ १७४२ मध्ये डब्लिनला प्रथम गायली गेली तीही चर्चमध्ये नव्हे, संगीत सभागृहात! मग ख्रिस्ती कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) अभंगांनाच रंगमंच वर्ज्य का? शरणपूरची जुनी ख्रिस्ती वसाहत असलेल्या नाशिकमध्ये तरी हा प्रश्न पडू नये.

अडचण आहे ती स्वररचनेची, आणि ती खरी आहे. उदाहरणार्थ, भूप रागात मध्यम-निषाद हे स्वर नाहीत. अशा चालीखाली सरधोपट पाश्चात्त्य कॉर्ड (एकत्र लावलेले स्वरसमूह) बसवले, की हे दोन्ही स्वर आत शिरतात आणि भूप तिथेच संपतो. त्यापेक्षा बासने (पुरुषांच्या खालच्या आवाजाने) षड्ज-पंचम धरावा, चाल सोप्रानोने (स्त्रियांच्या उंच आवाजाने) गावी, आल्टो आणि टेनर या मधल्या आवाजांनी टाळकऱ्यांसारखे ध्रुवपद झेलावे. लॅटिन उच्चार घोटून घेणाऱ्या गायकवृंदांना हे जड जाऊ नये. यंदाच्या कार्यक्रमांत निदान दोन मराठी रचना अशा बांधून गाव्यात, आणि त्या शेवटी घाईत उरकू नयेत.

– एक वाचक, नाशिक