निंजा श्वानांच्या संचात पक्कुन नाही : ₹400 परतावा अमान्य

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘नारुटो’ या मांगातल्या (जपानी चित्रकथेतल्या) आठ श्वानांचा खेळण्यांचा संच अपुरा मिळाल्याबाबत

महोदय,

नातवाच्या वाढदिवसासाठी मी तुमच्या वेबसाइटवरून या चित्रकथेतल्या काकाशी नावाच्या निंजाच्या आठ श्वानांचा संच मागवला. ₹3,200 आगाऊ भरले. पार्सल वेळेत आलं, खोकं कुठे दबलेलं नव्हतं, सील शाबूत होतं. आत सात कुत्रे निघाले. आठवा, सगळ्यात लहान खळगा रिकामा होता. तो पक्कुन या छोट्या पगचा.

फोनवर तुमच्या ग्राहक सेवेतली मुलगी म्हणाली, “सर, बाकीचे सातही पीस चांगले आहेत ना? मग एका पीसचे चारशे रुपये आम्ही परत करतो.” ती नीट, नम्रपणे बोलली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हा हिशेब मला मान्य नाही. का, ते सविस्तर लिहितो.

मी पोलिसांच्या श्वानपथकात 22 वर्षं हस्तक होतो. नातू पाचवीत आहे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याने मला मासाशी किशिमोतो यांची ही मांगा उजवीकडून डावीकडे वाचायला शिकवली. एकूण 72 खंड आहेत, माझे अजून निम्मेही झालेले नाहीत. पण कुत्रे जिथे पहिल्यांदा येतात ती पानं मी कितीतरी वेळा वाचली. काकाशीचा शत्रू झाबुझा दाट धुकं पसरवतो, डोळ्यांचा काही उपयोग राहत नाही. काकाशी मुद्दाम त्याचा वार अंगावर घेतो, त्याच्या शस्त्राला स्वतःचं रक्त लागू देतो आणि कुत्र्यांना बोलावतो. ते त्या रक्ताच्या वासावर जमिनीखालून येतात आणि झाबुझाला चहूबाजूंनी दातांत धरतात. त्यातली जादू बाजूला ठेवली, तर आमचं काम हेच होतं. आधी वास द्यायचा, मग दोर सैल सोडायचा आणि कुत्रा नेईल तिकडे जायचं. आपण त्याला ओढायचं नाही. माझी राणी, डॉबरमन, एकदा अमावास्येच्या रात्री उसाच्या फडातून माग काढत निघाली होती. मला माझा हात दिसत नव्हता. दोर हातात किती ताणतो यावरून तेवढं कळत होतं की ती बरोबर चालली आहे.

म्हणून ‘आठातला एक कमी’ ही भाषा मला पटत नाही. पथकात सगळे कुत्रे सारखे नसतात. माग काढणारा वेगळा, स्फोटकं हुंगणारा वेगळा. 1993च्या स्फोटांच्या वेळी मुंबईत आरडीएक्स हुडकून देणारा लॅब्रॅडॉर झंजीर आठवा. तसा कुत्रा तयार व्हायला हस्तकाचे महिनोन् महिने जातात, आणि त्याच्या जागी दुसरा कुठलाही उभा करता येत नाही. किशिमोतो यांनी हे नेमकं ओळखलं आहे. बुल अंगाने प्रचंड, धरून ठेवायला तो. पक्कुन वीतभर पग, पण काकाशीचा शिष्य सासुके गारा या शत्रूच्या मागे जातो तेव्हा त्याचे साथीदार नारुटो, साकुरा आणि शिकामारू यांना वाट दाखवायला काकाशी पक्कुनलाच पाठवतो. मागून शत्रू येताहेत हेही वासावरून तोच सांगतो. तुमच्या खोक्यात नेमका तोच नाही.

बुलच्या डोक्यावर दोन कानांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं भोक आहे. पक्कुनच्या पोटाखालची खुंटी तिथे बसते. तुमच्या जाहिरातीच्या फोटोत तो तसाच बसलेला आहे. नातवाने ते भोक बोटाने चाचपलं. खोक्यातला थर्माकोल उलटापालटा करून पाहिला. मग एक अक्षर न बोलता सातही कुत्रे परत खळग्यांत ठेवले आणि झाकण लावलं. अजून त्याने ते उघडलेलं नाही.

दुसरा दोष छपाईचा. या कुत्र्यांच्या जाकिटावर पाठीमागे एक चेहरा असतो. आपली मुलं 2च्या आकड्यातून बदक काढतात, तशी जपानी मुलं ‘हे-नो-हे-नो-मो-हे-जी’ या सात अक्षरांतून हा चेहरा काढतात. दोन ‘हे’ भुवया, दोन ‘नो’ डोळे, ‘मो’ नाक, तिसरा ‘हे’ तोंड आणि ‘जी’ चेहऱ्याची कड. तुमच्या दोन कुत्र्यांवर नाक आणि तोंड एकमेकांत मिसळून नुसता काळा डाग झाला आहे.

एकटा पक्कुन सुटा मिळत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. मग ते चारशे रुपये घेऊन मी तो आणायचा कुठून?

तुम्ही पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितलात. तो नाही. नातू खोकं उघडत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. सील, रिकामा खळगा आणि डागाळलेली जाकिटं यांचे फोटो मात्र त्याच दिवशी पाठवले आहेत. व्हिडिओची अट खरेदीच्या पानावर कुठेही नव्हती.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझी मागणी एकच आहे : हा संच परत न्या आणि आठही श्वान असलेला, नीट छपाईचा संच पाठवा. तो नसेल तर पूर्ण ₹3,200 परत करा. महिन्याभरात काही झालं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन.

सातही कुत्रे मूळ खोक्यात आहेत, कोणी खेळलेलं नाही. कुरियरवाल्याला दुपारी नातू शाळेत असताना पाठवा. आणि नवा संच पाठवण्यापूर्वी तुमच्याकडच्या कुणाला तरी खोकं उघडून पक्कुन आत आहे ना, तेवढं बघायला सांगा.

आपला,
एक ग्राहक, निवृत्त श्वानहस्तक

सोबत : पावती आणि फोटो